परदेशात समुद्रकाठी रिटायर व्हायचंय? आधी दुकान तुमच्याशिवाय चालवून दाखवा



मागच्या महिन्यात ‘दुकानदाराचं पेन्शन’ हा व्हिडिओ टाकला होता. त्यात मी पोर्तुगालमधल्या एका मच्छीमार गावाचा उल्लेख ओघात केला आणि पुढे निघून गेले. त्यानंतर जो भेटेल तो तेच विचारतोय. ते गाव कुठलं? तिथं खरंच राहता येतं का? किती पैसे लागतात? व्हिडिओत एवढं सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

विषय सुरू झाला तो आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांमुळे. कुडाळात माझं स्टेशनरीचं दुकान आणि त्यांचं हार्डवेअर, मध्ये फक्त एक टेलर. काका ५७ वर्षांचे. मुलगा पुण्यात आयटीमध्ये, त्याला दुकानात रस नाही. काकूंचं माहेर मडगावचं, त्यांचा एक भाचा लिस्बनला असतो. दोन वर्षांपूर्वी दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आले. भाच्याने त्यांना दक्षिणेला, अल्गार्व्हच्या किनाऱ्यावर फिरवलं आणि तिथल्या सांता लुझिया नावाच्या गावात काका अडकले ते अडकलेच. परत आल्यावर एका दुपारी माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, “गो बाय, माका थंय रवाक गावतला काय ता सांग.”

मी काही व्हिसा एजंट नाही. पण बीबीए केलंय, दुकान चालवते आणि हिशेब मांडायला मला आवडतं. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

पहिल्यांदा ते गाव समजून घेऊ, कारण त्यातही धंद्याचं शिक्षण आहे.

सांता लुझिया हे ताविरा शहराला लागून असलेलं छोटं गाव. समोर थेट समुद्र नाही, रिया फोर्मोझा नावाची खाडी आहे. तिच्यापलीकडे वाळूची लांबलचक बेटं आणि मग अटलांटिक. १९८७ पासून हा सगळा भाग नैसर्गिक उद्यान म्हणून राखलेला आहे. गावाची ओळख काय, तर ‘ऑक्टोपसची राजधानी’. पूर्वापार पद्धत अशी की मातीची मडकी एका लांब दोरीला ओळीने बांधायची आणि समुद्रात तळाला सोडायची. मडक्यात आमिष नसतं. ऑक्टोपसला लपायला अंधारी, बंद जागा हवी असते, म्हणून तो आपणहून आत जाऊन बसतो. दोरी वर ओढली तरी बाहेर पडत नाही. आता मातीच्या जागी प्लॅस्टिकची मडकी आणि जाळीचे पिंजरे आलेत, पण धक्क्यावर रचून ठेवलेली मडकी अजून दिसतात.

जवळच्या बार्रिल किनाऱ्यावर वाळूत गंजलेल्या नांगरांच्या रांगा आहेत. हे नांगर ट्यूना पकडायच्या मोठ्या जाळ्यांचे. एकेकाळी हंगामात मच्छीमारांची कुटुंबं इथे येऊन राहायची. मग ट्यूना कमी कमी होत गेला आणि १९६० च्या दशकात तो धंदा बंद पडला. नांगर तसेच राहिले. मच्छीमारांच्या चाळीवजा घरांत आता खानावळी आहेत. सामान वाहायला जी छोटी रेल्वे होती तीच आता पर्यटकांना खाडीवरून किनाऱ्यापर्यंत नेते. १९६५ मध्ये फारोला विमानतळ झाला आणि उत्तर युरोपातले लोक यायला लागले.

म्हणजे बघा, मुख्य माल संपला तेव्हा गावाने इमारत तीच ठेवली, रूळ तेच ठेवले, गिऱ्हाईक बदललं. पण उन्हाळी पर्यटक चार महिन्यांचा. आपल्याकडे तारकर्ली-मालवणला जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात आणि होमस्टे ओस पडतात, तसं तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ती पोकळी भरून काढणारं गिऱ्हाईक म्हणजे पेन्शनर. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथले साठीच्या पुढचे लोक थंडी टाळायला येतात. काही महिने भाड्याने राहतात, काही कायमचे राहतात. त्यांची पेन्शन बाहेरून येते, खर्च गावात होतो. बेकरी, सुतार, प्लंबर, घर राखणारी बाई, चादरी धुणारा, कागदपत्रं करून देणारा, सगळ्यांना ऑफ सीझनला काम मिळतं.

सरकारनेही हातभार लावला. २००९ मध्ये पोर्तुगालने नव्याने येणाऱ्या रहिवाशांसाठी करसवलत आणली. त्यात परदेशी पेन्शनवर दहा वर्षं तिथे जवळजवळ कर नव्हता. फिनलंड आणि स्वीडन यावर इतके चिडले की त्यांनी पोर्तुगालसोबतचा करार मोडला. २०२० पासून नव्या लोकांना १० टक्के कर लागला आणि २०२४ पासून ती योजना नव्या पेन्शनरांसाठी बंदच झाली. घर विकत घेऊन मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ही ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. कारण घरांच्या किमती आणि भाडी स्थानिकांच्या हाताबाहेर गेली होती. बोटीवर काम करणाऱ्या मुलाला स्वतःच्याच गावात घर परवडत नाही, ही तक्रार तिथे खरी आहे. काकांना मी हे मुद्दाम सांगितलं. आपण तिथे गेलो तर आपणही त्या गर्दीतलेच असणार. अजूनही यूट्यूबवर ‘पोर्तुगालमध्ये पेन्शन टॅक्स फ्री’ असे जुने व्हिडिओ फिरतायत. तारीख बघितल्याशिवाय कुठलाच व्हिडिओ बघू नका, माझासुद्धा.

आता मुद्द्यावर येऊ.

ज्यांचं स्वतःचं उत्पन्न आहे आणि तिथे नोकरी करायची नाही, त्यांच्यासाठी पोर्तुगालचा ‘डी-७’ व्हिसा आहे. अट साधी वाटते. दरमहा किमान तिथल्या किमान वेतनाएवढं उत्पन्न दाखवायचं. २०२५ साली ते ८७० युरो होतं आणि ते वर्षागणिक वाढत आलंय. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे ४३५. दोघांचे मिळून १,३०५ युरो. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. महिन्याला १,३०,५०० रुपये झाले. शिवाय वर्षभराची रक्कम बँकेत शिल्लक दाखवावी लागते, म्हणजे साधारण १५ लाख ६६ हजार. राहायच्या जागेचा भाडेकरार आणि आरोग्य विमा वेगळा.

काका लगेच म्हणाले, “मग झालं की! दुकान मला महिन्याला एक लाख दहा देतं, वर भाडी आहेतच.”

इथेच गोची आहे, आणि माझ्या क्लासला येणाऱ्या दहातले नऊ जण इथेच अडकतात. डी-७ ला लागतं ते बसून मिळणारं उत्पन्न. पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश. तुम्ही सकाळी नऊला शटर वर केल्यावर जे मिळतं ते यात धरून चालता येत नाही, कारण तुम्ही पोर्तुगालमध्ये असताना शटर कोण उघडणार?

म्हणून आम्ही काकांच्या एक लाख दहाची चिरफाड केली. गाळा त्यांचा स्वतःचा. तोच भाड्याने दिला तर कुडाळात २२,००० येतील. म्हणजे नफ्यातले २२,००० हे मुळात गाळ्याचं भाडं आहे, धंद्याचा नफा नव्हे. दुसरं, काका दिवसाला बारा तास उभे असतात. त्यांच्या जागी जबाबदार माणूस ठेवला तर त्याला ३५,००० तरी द्यावे लागतील. तेही वजा करा. उरले ५३,०००. हा दुकानाचा खरा नफा. बाकी ५७,००० रुपये काका स्वतःलाच भाडं आणि पगार म्हणून देत होते आणि त्याला नफा म्हणत होते.

कागद बघून काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्षं मी माझ्याच दुकानात नोकरी केली म्हणायचं.” मला वाईट वाटलं, खरं सांगते. पण आकडा तोच होता.

आता दुकान पूर्ण बंद केलं तर काय उरतं ते बघू. गाळ्याचं भाडं २२,०००. घराच्या वरच्या मजल्याचं भाडं ८,०००. बँकेत ४० लाखांची एफडी, सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे २३,३००. एकूण ५३,३००. हवेत १,३०,५००. कमी पडतात ७७,०००. एवढं व्याज यायला आणखी एक कोटी बत्तीस लाखांची एफडी लागेल.

माल विकून? पुस्तकात स्टॉक ३५ लाखांचा. पण आम्ही दोन रविवार रॅक तपासले, तेव्हा बंद पडलेल्या कंपन्यांचे नळ, जुन्या मापाच्या बिजागऱ्या, कडक झालेले रंगाचे डबे असं बरंच निघालं. एकगठ्ठा घेणारा २२ लाखांच्या वर जाणार नाही, असं काका स्वतःच म्हणाले. त्याचं व्याज जेमतेम १२-१३ हजार. बरं, गुडविलचे पैसे कोण देईल? गिऱ्हाईक ‘काकांचं’ आहे, दुकानाचं नाही. बोर्डावर नाव काय आहे हे निम्म्या गिऱ्हाइकांना सांगता येणार नाही.

दुकान माणूस ठेवून चालू ठेवलं तर ५३,००० चा नफा धरून एकूण ८४-८५ हजार होतात (गाळा आपल्याच दुकानाला दिला तरी भाडं मिळतंच, म्हणून ते २२,००० धरून तपासलं तर एक लाख सहा). तरीही २४,००० कमी. आणि एकट्याच्या नावावरच्या दुकानाचा नफा म्हणजे काम करून मिळवलेलं उत्पन्न, असं समजलं जाण्याचा धोका आहे. कंपनी करून लाभांश घेतला तर कागदावर चित्र वेगळं दिसतं, पण त्याचा खर्च आणि करही वेगळा. हे सीएला विचारूनच करा, माझ्या भरवशावर नको.

अजून एक दुखरी नस. वकिलातीत तुमचा शब्द चालत नाही, कागद चालतो. काकांची उलाढाल एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास. आपल्यासारखे बरेच दुकानदार कलम ४४ एडी खाली रिटर्न भरतात. डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा दाखवला की हिशेबाची कटकट नाही. त्यामुळे सगळे तो किमान आकडाच लिहितात. काकांच्या रिटर्नमध्ये वर्षाला साडेआठ-नऊ लाख. खिशात येतात तेरा लाखांच्या वर. वर्षानुवर्षं वाचवलेला कर त्या दिवशी अंगावर येतो, कारण बँकेचं कर्ज असो की व्हिसा, तुमची ऐपत रिटर्नमध्ये लिहिलीय तेवढीच. तुमचं वय आज तीस असेल तर हे आत्ताच सुधारा. साठीला सुधारता येत नाही, कारण मागची रिटर्न मागतात.

पैसे पाठवायचं काय? रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, म्हणजे मर्यादेची चिंता नाही. पण शिक्षण-उपचार सोडून इतर कारणासाठी वर्षात १० लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते (ही १० लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून, आधी ७ होती). १५ लाख ६६ हजार एकट्या काकांनी पाठवले तर १ लाख १३ हजार अडकले. बुडत नाहीत, रिटर्न भरून परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं ना. काकूंच्या नावावर त्यांचं स्वतःचं उत्पन्न असतं तर दोघांनी मिळून पाठवले असते आणि टीसीएसचा प्रश्नच आला नसता. काकू तीस वर्षं गल्ल्यावर बसल्यात, पण कागदावर त्या ‘गृहिणी’. दुकानात बायको काम करत असेल तर तिला रीतसर पगार लावा हो! हे मी दर बॅचला ओरडून सांगते.

तिथे कायम राहायला लागलात की तुम्ही इथल्या हिशेबाने अनिवासी. बँक खातं एनआरओ करायचं. तुमच्या भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे. तीस हजारांच्या भाड्यातले ९,३६० महिन्याच्या महिन्याला गेले, रिटर्न भरल्यावर जे परत यायचं ते येईल. आणि कुठला भाडेकरू टॅन नंबर काढून हे करत बसेल? तो सरळ दुसरा गाळा बघेल. शेतजमीन, बाग आधीची असेल ती ठेवता येते, नवी घेता येत नाही. काकांची झारापला काजूची बाग आहे, तिला लागून एक तुकडा घ्यायचा विचार होता. तो घ्यायचा तर जाण्याआधी.

वर्षात १८३ दिवसांच्या वर तिथे राहिलात की पोर्तुगाल तुमच्या भारतातल्या उत्पन्नावरही कर मोजणार. दोन देशांत करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर बसत नाही, पण तिथले दर आपल्यापेक्षा चढे आहेत. आणि रुपयाचं काय? २०१५ च्या सुमाराला युरो ७०-७२ रुपयांना होता, २०२५ मध्ये शंभरीला टेकला. भाडं रुपयात वाढतं, भाकरी युरोत घ्यायची. माझ्या मते हा धोका सगळ्यात मोठा आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही.

काकूंनी मध्येच विचारलं, “माझे बाबा गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मलेले, मला पासपोर्टच मिळेल ना?” प्रश्न बरोबर आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. बरेच गोवेकर त्याच वाटेने गेले. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तो पासपोर्ट घेतला की इथला सोडावा लागतो, मतदान संपतं. काकू म्हणाल्या, “नको गं. गणपतीला व्हिसा काढून घरी यायचं का मी?” विषय तिथेच मिटला.

राहणीमानाचं थोडक्यात. भाजी, मासे, पाव रास्त भावात. सरकारी दवाखान्यात रहिवाशांना नाव नोंदवता येतं, पण फॅमिली डॉक्टर मिळायला अनेकांना ताटकळावं लागतं. अल्गार्व्हमधली जुनी घरं हिवाळ्यात आतून ओलसर आणि गार, हीटरचं बिल येतं. पोर्तुगीज शिकल्याशिवाय सरकारी खिडकीवर हाल. काकांना ऑक्टोपस आवडला, काकूंना बघवला नाही.

मग केलं काय? स्वप्न सोडायचं नाही, पण आधी सॅम्पल मागवायचं. नवीन कंपनीचा माल आपण एकदम पेटारा भरून घेतो का? शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. फी माणशी ९० युरो. हिवाळ्यात तिथली घरं महिन्याच्या भाड्याने स्वस्तात मिळतात, कारण पर्यटक नसतात. काका-काकू गेल्या नोव्हेंबरात ८० दिवसांसाठी गेले. दुकान बंद केलं नाही, बारा वर्षं काम करणाऱ्या सेल्समनच्या हवाली केलं. मी आठवड्यातून दोनदा गल्ला बघायचा असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात सेल्समन रोज चार-पाच वेळा मला विचारायला यायचा. पीव्हीसी पाइपचा कॉन्ट्रॅक्टर रेट किती? कुणाला किती दिवस उधारी? प्लायवूड कुठून मागवायचं? उत्तर एकच, काकांच्या डोक्यात. तिकडून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज यायचे, मागे बोटीचा आवाज. विक्री पहिल्या महिन्यात चाळीस टक्के पडली. काका एकदा फोनवर म्हणाले, परत येतो. काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, अजिबात नाही, मेलं दुकान तर मरू दे.

मग मी आणि सेल्समनने एक वही केली. जो रेट विचारला तो लिहायचा, ज्याची उधारी विचारली त्याची मर्यादा लिहायची, प्रत्येक सप्लायरचा नंबर आणि त्याचा मालाचा वार. दीड महिन्यात ती वही दीडशे पानांची झाली. तिसऱ्या महिन्यात विक्री नेहमीपेक्षा बारा-पंधरा टक्केच कमी राहिली. रोज विचारायला येणारा सेल्समन आठवड्यातून एकदा यायला लागला.

काका जानेवारीत परत आले. डी-७ चा अर्ज अजून केलेला नाही आणि इतक्यात करणारही नाहीत. सेल्समनला त्यांनी पगारवाढ दिली आणि एप्रिलपासून नफ्यात आठ टक्के. काकूंचा पगार सुरू झालाय, सीएने या वर्षीपासून पूर्ण हिशेबाची पुस्तकं ठेवायला घेतलीत. बंद पडलेले नळ आणि बिजागऱ्या भंगारच्या वर थोड्या भावाने काढल्या, त्याचे पैसे एफडीत गेले. यंदाच्या नोव्हेंबरचं घर मात्र आत्ताच बुक केलंय, तेच, खाडीसमोरचं. वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तिचा नमुना कसा करायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवते, येताना तुमच्या दुकानातले वीस सगळ्यात जास्त विचारले जाणारे रेट लिहून आणा.